वाटीभर शेवया

वरच्या मजल्यावरून शेवया तुपात परतल्याचा वास आला आणि जळोचीतला एक रविवार आठवला. तिथं मशिदीशेजारच्या खोलीत मी शाळकरी मुलांना दीनियात, म्हणजे धर्माचे धडे, शिकवायचे. नुसत्या घोकंपट्टीचा मला भारी राग. म्हणून शेजाऱ्याच्या हक्काची हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सांगून झाल्यावर म्हटलं, "पाठ करू नका, करून दाखवा. गल्लीत जो एकटा जेवतो त्याला घरातलं काहीतरी नेऊन द्या." संध्याकाळी माझ्याच भाड्याच्या खोलीची कडी वाजली. दारात वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी, हातात शेवयांची वाटी. "अगं, एकटं जेवणारं कुणीतरी शोधायचं होतं ना?" मी हसत म्हणाले. "व्हय आपा, शोधलं की. समद्या गल्लीत एकटं तुमीच जेवता." मी शेवया ताटलीत काढून घेतल्या. रिकामी वाटी परत देत नाहीत, म्हणून डबे धुंडाळले आणि शेवटी मूठभर साखरच घालून दिली. आता इंदापुरात येऊन तीन वर्षं झाली. हीच हदीस इथंही शिकवते. वर शेवया कोण परततंय, ते मात्र मला माहीत नाही.