घर पाहायला बाई येणार होत्या

आमच्या आईनं मला अक्षरओळख व्हायच्या आधी खोटं बोलायला शिकवलं. कोणी विचारलं, ‘जेवली का व पोरी?’ की हो म्हणायचं. कोणी विचारलं, ‘काय होतं जेवायले?’ की भाजीचं नाव सांगायचं, आणि रोज वेगळं सांगायचं, नाहीतर लोक ओळखतात. पाचव्या वर्षीच मी चवळी, मेथी, भरीत अशी पाळीपाळीनं नावं घ्यायला लागले होते. शाळेत पाढे म्हणताना मी अडखळायची, पण जेवणाचं कोणी विचारलं तर चेहऱ्यावरची रेषाही हलायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आईच्या तोंडी दिवसातून एकदा तरी यायचंच.

आम्ही अकोल्यात दालमिलांच्या मागच्या वस्तीत राहायचो. आई मिलमध्ये डाळ निवडायला जायची. बाबा बाजार समितीत हमाल होते; पाठ गेल्यावर एका गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसायचं काम त्यांना मिळालं. मोठी बहीण आठवी झाली तशी आईबरोबर मिलमध्ये गेली आणि पुढं लग्न होऊन तेल्हाऱ्याला. माझंही ठरल्यासारखंच होतं. दहावीचा शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी आई म्हणाली, “मुकादमाले सांगून ठेवलं म्या. रिकामी बसून काय करशीन?” मिलमधून आल्यावर तिच्या पापण्यांवरसुद्धा पिवळी भुकटी असायची आणि ती रात्रभर खोकायची. मला तिथं जायचं नव्हतं. हे मी तिला कधी तोंडानं सांगितलं नव्हतं, कारण जी जागा आईला चालते ती तुला का चालत नाही, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गरीब वस्तीत लोक एकमेकांना फार धरून असतात, असं म्हणणारी माणसं मला भेटतात तेव्हा माझं डोकं फिरतं. धरून असतात हे खरंच आहे, पण कधीकधी धरतात ते सोडत नाहीत. आमच्या गल्लीत मी किती वाजता शाळेतून आले, कोणत्या रस्त्यानं आले, हे माझ्याआधी घरी पोचलेलं असायचं. नळावर बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या आणि त्याच बायका त्याच दिवशी एकमेकींची पोरं सांभाळायच्या. आणि गल्लीचा एक कायदा होता. कोणाच्या पोरीला पाहायला पाहुणे येणार असले की सगळी गल्ली ते घर सजवायची. प्रत्येक घरात एखादी तरी चांगली वस्तू असतेच. समोरच्यांकडे कूलर होता, कोपऱ्यावरच्या घरी लाल खुर्च्या. शेजारच्या चाचीचा नवरा गाद्या भरायचा, तिच्याकडे नव्या रजया आणि सोनेरी काठाच्या कपबशा. आमच्याकडून पितळेची मोठी परात जायची. पाहुणे गेले की तासाभरात ज्याचं त्याच्याकडे. आणि पाहुण्यांसमोर ही वस्तू आमची, असा शब्द कोणी काढायचा नाही. माझ्या बहिणीच्या वेळी चाचीनं स्वतःच्याच कपात चहा घेऊन वर ‘कप कित्ते अच्छे है’ म्हणून कौतुक केलं होतं.

निकाल लागला आणि आमच्या विज्ञानाच्या सरांनी परस्पर माझा एक अर्ज भरला. अमरावतीला गरीब मुलींसाठी वसतिगृह होतं, राहणं-खाणं फुकट आणि अकरावी सायन्सला प्रवेश. सर म्हणाले, उत्पन्नाचा दाखला तर सगळेच आणतात, म्हणून तिथल्या बाई स्वतः घर पाहायला येतात. एकच जागा उरली होती आणि यादीत माझ्यामागे आणखी मुली होत्या. बाई मंगळवारी अकराला येणार होत्या.

मंगळवारी सकाळी मी शाळेत दाखला आणायला गेले. क्लार्क उशिरा आला. धावतपळत गल्लीत शिरले तेव्हा पावणेअकरा झाले होते, आणि आमच्या दारात कूलरचं पाणी गळत होतं.

आत पाऊल टाकलं. चार लाल खुर्च्या. खाटेवर चाचीची मखमली रजई. कोणाचातरी टीव्ही, त्यावर प्लास्टिकची फुलं. भिंतीला पडलेली चीर दिसू नये म्हणून नवा पडदा. आई दुसऱ्या कोणाच्या तरी जरीच्या साडीत, बाबा इस्त्रीच्या शर्टात अवघडून खुर्चीच्या टोकावर. चाची दारात उभी राहून माझ्याकडे बघून हसली, “देख बेटा, घर कैसा चमक रहा!” आईला मी सांगितलं होतं, मॅडम घर पाहायला येणार आहेत. घर पाहायला येणं याचा आमच्या गल्लीत एकच अर्थ होता, आणि कोणी कामात कसूर केली नव्हती.

“आई, हे सगळं परत नेऊन दे! ती जागा गरिबांची आहे. हे पाहून त्या मले कायले घेतीन?”

“हळू बोल,” आई म्हणाली. “गरीब दिसणाराले कोणी दारात उभं करत नाई. तुले काय समजते? मी मुकादमाच्या दारात उभी राहिली हाय, तू नाई.”

मी एक खुर्ची उचलली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला.

बाई पन्नाशीच्या असाव्यात. सुती साडी, चप्पल बाहेर काढून आत आल्या. मांडीवर छापील कागद घेतला आणि नजर फिरवत खुणा करू लागल्या. पंखा, खूण. कूलर, खूण. टीव्ही, खूण. मी भिंतीला टेकून पेनाकडे बघत होते. गल्लीतल्या पाच-सहा बायका दारात दाटीनं उभ्या होत्या. सोनेरी काठाच्या कपात चहा आला, बशीत बिस्किटं आली.

“घरखर्च भागतो का, ताई?” बाईंनी विचारलं.

“देवाच्या दयेनं काई कमी नाई,” आई म्हणाली. त्या वेळी तिची मान किती ताठ होती हे मला आजही दिसतं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. “मुलगी हुशार आहे. तुम्ही शिकवालच तिला. काल मी जे घर पाहिलं ना, त्याला दारसुद्धा नव्हतं. मग ही जागा...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, चहाचा शेवटचा घोट घेतला आणि उठल्या.

माझ्या डोळ्यांपुढे मिलचं फाटक आलं.

“मॅडम, ही खुर्ची आमची नाही.”

मी एकेका वस्तूकडे बोट दाखवत गेले. “कूलर समोरच्यांचा आहे. टीव्हीही आमचा नाही. कप चाचीचे. आईच्या अंगावरची साडीसुद्धा आमची नाही.”

आई हसली. पाहुण्यांसमोर हसतात तसं. “लेकरू हाय जी. वसतिगृहात जायाचा हट्ट हाय तिचा, म्हणून काईबी बोलून राहिली.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. “तुम्ही सांगा.” बाबा आपल्या तळहातांकडे बघत बसले. बाईंनी दाराकडे मान वळवली. ज्या बाईचे कप होते, जिची साडी होती, त्यातली एकही पुढं आली नाही. त्या कायदा पाळत होत्या. माझ्या आईची अब्रू त्यांच्या हातात होती आणि त्यांनी ती घट्ट धरून ठेवली होती. त्या क्षणी मला त्या सगळ्यांचा इतका राग आला की मी चुलीमागच्या डब्याकडे गेले.

आई झटक्यात उठली. तिनं माझं मनगट धरलं. “नको,” एवढंच म्हणाली, तेही माझ्या कानाशी. मी हात हिसडून सोडवला आणि झाकण काढून डबा बाईंसमोर धरला.

डब्यात चुनी होती. डाळ भरडताना जो चुरा आणि साल उरते ती चुनी, जी मिलवाले गुरांच्या खाण्यासाठी विकतात. आई ती आणून, चाळून, पाखडून तिचं वरण करायची. आठवड्यातले चार-पाच दिवस आम्ही तेच खायचो. बाबांना आणि मला ते माहीत होतं. गल्लीला माहीत नव्हतं.

बाईंनी डब्यात बोट घातलं, चिमूट बाहेर काढून पाहिली. त्या वऱ्हाडातल्याच असणार, कारण त्यांनी काही विचारलं नाही. खाली बसल्या आणि कागदावरच्या खुणांवर एकेक रेघ मारली. दारातून कोणीतरी हळूच म्हणालं, “अवं माय, ढोरायची चुनी...” आणि कोणीतरी तिला चूप केलं. मी आईकडे पाहायची हिंमत केली नाही.

मला जागा मिळाली. त्या दिवशी आईनं सगळ्या वस्तू एकटीनं परत केल्या, मला एका कपाला हात लावू दिला नाही. साडी धुऊन, वाळवून, घडी करून दिली. दुसऱ्या दिवशी चाचीनं भांडंभर डाळ पाठवली, समोरच्यांनी भाजी. आईनं दोन्ही झाकणासकट परत धाडली. गल्ली तिच्याशी गोड बोलू लागली, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. त्यानंतर दोन घरी पाहुणे आले. परात मागायला आमच्या दारात कोणी आलं नाही. बिचारीला कशाला त्रास, असं त्यांना वाटलं असेल. तिला काय वाटलं, ते तिच्या घासूनपुसून ठेवलेल्या परातीकडे बघून मला कळायचं. मी अमरावतीच्या एसटीत बसले तेव्हा बाबा एकटेच सोडायला आले होते.

आता मी अमरावतीतच कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझ्यासारख्या मुली वर्गात असतात, मी त्यांना पटकन ओळखते. आई दिवाळीला येऊन महिनाभर राहते. चुनीचा विषय आमच्यात कधी निघाला नव्हता. गेल्या वर्षी एका दुपारी ती मेथी निवडत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आई, तुला अजून राग आहे का त्या डब्याचा?”

ती निवडतच राहिली.

“राग कायले? तू खरं बोलली. तुया जिनगीचा सवाल होता.” मग हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, “पण तू त्या बाईकडं पाहून डबा उघडला. मायाकडं पाह्यलंच नाई. एक डाव माया कानात सांगतलं असतं, आई, तू उघड, तं म्या सोता उघडला असता.”

मी तिला खुर्च्या परत करायला सांगितलं होतं. डब्याचं विचारलं नव्हतं. आपली आई आपल्यासाठी एवढं करेल, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. पंधरा वर्षं मी त्या एका खोलीत तिच्या अंगाला अंग लावून झोपले होते, आणि तिच्याबद्दल मला इतकंही माहीत नव्हतं.