एक पट्टा, सहा फोटो

मला तिचा हेवा वाटायचा. तिच्यावरच्या रागाची बाकी सगळी कारणं मी नंतर शोधली; तिला साइटवरचं ऊन माहीत नाही, ती मोबाइलवर बांधकाम करते, तिने कधी मालाची पाटी उचललेली नाही, वगैरे. खरं कारण एवढंच की तिचा हेवा वाटायचा आणि तो माझ्या तोंडावर दिसायचा.

बोरीच्या पुढे एका गावात पाण्याची टाकी बांधायचं काम चालू होतं. उंच खांबांवरची टाकी, तिच्यातून येलदरी धरणाचं पाणी आसपासच्या गावांना जायचं होतं. गुत्तेदाराने, म्हणजे कंत्राटदाराने, मला तिथे मुकादम नेमलं आणि माझ्यासोबत माझा जोडीदार आला. तो चारठाणा गावचा, गज बांधणारा. बावीस वर्षं आम्ही बरोबर काम केलं. मी ज्या साइटवर मुकादम, तिथे तो असायचाच. दुसऱ्या मुकादमाने जास्त रोज देऊ केला तरी तो गेला नाही.

आमची एक रीत होती. सकाळी मी परांचीचा, म्हणजे चढायच्या पाइप-फळ्यांच्या सांगाड्याचा, खालचा पाइप दोन्ही हातांनी धरून तीनदा जोरात हलवायचो आणि वर कुठे खडखड ऐकू येते का ते बघायचो. तोवर तो पायथ्याशी पक्कड कमरेला खोचून उभा राहायचा.

"चढू का?" तो विचारायचा.

"चढ," मी म्हणायचो.

त्याशिवाय त्याने कधी वर पाय ठेवला नाही. गवंडी आम्हाला नवरा-बायको म्हणून चिडवायचे. मी वरवर शिव्या घालायचो, पण मनातून मला ते आवडायचं. माझ्या एका शब्दावर एक माणूस तीस-तीस फूट वर जातो, याचा मला माज होता.

मग ती आली. परभणीची, वयाने माझ्या पुतणीएवढी, इंजिनिअर. स्कूटीवरून उतरली की एक हेल्मेट काढून दुसरं घालायची. पहिल्याच दिवशी तिने माझं रोजच्या कामाचं रजिस्टर मागितलं. ते मी दर शनिवारी एका बैठकीत भरायचो, तीन वेगवेगळ्या पेनांनी, म्हणजे रोज भरल्यासारखं वाटावं. तपासणीला येणारे साहेब ते रजिस्टर चाळायचे, मान डोलवायचे, माझ्याबरोबर चहा घ्यायचे. तिने पाच-सहा पानं उलटली आणि मला विचारलं, "काका, एवढ्या पावसाच्या दिवशीबी स्लॅबला पाणी मारलं होतं का?"

रजिस्टर बंद झालं. सिमेंटची गाडी आली की फोटो, गज बांधून झाले की फोटो, पाणी मारलं की फोटो. फोटोवर तारीख, वेळ, जागा आपोआप उमटायची. तपासणीचे साहेब आता तासाभरात काम उरकायला लागले. चहा घ्यायचे, पण तिच्याबरोबर.

थंडीत तर तिने माझा कानच काढून घेतला. मी काँक्रीटवर हातोडी मारून आवाजावरून सांगायचो, सेंट्रिंगच्या फळ्या खोला किंवा राहू द्या. तिने ओतायच्या आधीच आत एक वायर सोडली होती. तिच्यावरून काँक्रीट आतून किती पिकलं ते मोबाइलवर दिसायचं. मी म्हणालो, खोला. ती म्हणाली, अजून दोन दिवस थांबा, रात्री गारठा जास्त आहे. गुत्तेदाराने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "थांबू मग." तिसऱ्या दिवशी खांब उघडले तर कडा सुरीने कापल्यासारख्या स्वच्छ निघाल्या. सगळे वाहवा करत होते. मी बिडी ओढायला लांब गेलो.

तेही मी गिळलं असतं. पण तिने उंचावर चढणाऱ्या सहा जणांसाठी सहा पट्टे आणले. पट्टा अंगात घालायचा, त्याचा हूक वर पाइपला अडकवायचा. चढण्याआधी पट्टा घातलेला एकेकाचा फोटो काढायचा, मग मोबाइलवर त्याच्या नावापुढे हिरवी खूण यायची. हिरवी खूण आली की वर जायचं. माझा जोडीदार पहिल्याच दिवशी नवरदेवासारखा छाती काढून उभा राहिला. मोबाइलात डोकावून मला म्हणाला, "मुकादम, बघ की, लय भारी आलाय फोटो. मॅडम म्हणायल्या, आता पडलो तरी लटकून राहीन, मरायचा न्हाई."

आणि तो चढला. मी पाइप हलवत होतो. त्याने मला विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी पाइप हलवायचो आणि तो मोबाइलकडे बघत उभा असायचा. घरी बायको म्हणाली, "सवत आणल्यासारखं काय तोंड करून बसायलाव?" तिला हसू येत होतं, मला नाही.

मार्चमधल्या एका सकाळी मॅडमला काँक्रीटचे नमुने घेऊन परभणीला जायचं होतं. जाताना तिने साइटचा मोबाइल माझ्या हातात दिला. "काका, आज फोटो तुमी काढा. तुमी हाव म्हणून मी बिनघोर चालले."

गुत्तेदार दहा वाजता येणार होता. मी ठरवलं, आज या यंत्राचं पितळ उघडं पाडायचं. पट्ट्यांच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच होती. मी एकच पट्टा बाहेर आणला. एकाला घातला, फोटो काढला, उतरवला, दुसऱ्याला घातला. उन्हात पट्टा कुणालाच नको असतो, सगळे खुशीत होते. एका पट्ट्यावर सहा हिरव्या खुणा आल्या. गुत्तेदार आला की त्याच्या नाकासमोर मोबाइल धरून म्हणणार होतो, बघा तुमचं शहाणं यंत्र. तोवर कुणाला वर पाठवायचं नाही, चहा पाजत बसवायचं, एवढं डोकं मी चालवलं होतं.

शेवटचा नंबर माझ्या जोडीदाराचा होता. फोटो झाला, त्याने पट्टा काढून माझ्या हातात दिला. क्षणभर रिकाम्या खांद्यांवर हात फिरवला. मग माझ्याकडे बघितलं आणि कितीतरी दिवसांनी विचारलं, "चढू का?"

काय सांगू, मला किती बरं वाटलं. छाती भरून आली. त्या एका प्रश्नासाठी मी महिनाभर जळत होतो. गुत्तेदार, चहा, सगळं विसरलो. पाइप हलवायचाही विसरलो.

"चढ," मी म्हणालो.

तो दुसऱ्या टप्प्यावर पोचला तेव्हा हातातला मोबाइल वाजला. मॅडमचा फोन होता. मला वाटलं, आली विचारपूस करायला, आत्ता नाही. वाजून वाजून तो बंद झाला. पुन्हा वाजला. मी तो खिशात टाकला आणि मान वर करून बघत राहिलो.

वरची फळी सरकली. रात्रीतून पाइप जोडणारा एक चाप ढिला झाला होता. खालून तीनदा हलवलं असतं तर वाजला असता. तो पडताना एका हाताने पाइपला धरून लोंबकळला, खांद्यात कडकन आवाज झाला, हात सुटला आणि तो खालच्या वाळूच्या ढिगावर आदळला. वाळू नसती तर हे लिहायला माझ्यात धीर नसता.

आधी जिंतूरच्या दवाखान्यात नेलं, तिथून त्याला परभणीला हलवलं. मॅडम माझ्या आधी दवाखान्यात पोचली होती. ती ओरडली नाही.

"सहाही फोटोंत पट्ट्यावर छापलेला नंबर एकच हाय, असं माझ्या मोबाइलनं मला लगेच दाखवलं, काका. म्हणून फोन करायले होते."

मी यंत्राला मूर्ख ठरवायला निघालो होतो. त्याने शेवटचा फोटो निघताच ओळखलं होतं.

ती पुढे म्हणाली, "फोटो पुसता येत न्हाईत. तपासणीत सगळं दिसणार. खाली शेरा लिहायला जागा असते. तो मी लिहिणार न्हाई, तुमी लिहा."

तिथल्या बाकावर बसून मी लिहिलं. पट्टा एकच बाहेर काढला. फोटो मी काढले. पाइप हलवून बघितला नाही. फोन आला तो उचलला नाही. बावीस वर्षांत मी लिहिलेली ती पहिली खरी नोंद असेल.

मग त्याच्या खाटेपाशी गेलो. खांदा आणि बरगड्या बांधलेल्या होत्या. मी म्हणालो, "पट्टा नव्हता तर चढलास कशाला? त्या हिरव्या खुणेवर एवढा भरवसा?"

त्याने माझ्याकडे बघितलं, जसं काही मी एखादी खुळी गोष्ट विचारली.

"खुणेचं काय घेऊन बसलास? तू चढ म्हणला, म्हणून चढलो."

"मग इतके दिवस विचारत का नव्हतास?"

"अंगात पट्टा असला तर काय विचारायचं? आन् तू पाइप हलवायचास ते दिसायचंच की मला."

मी त्याचा बरा हात धरून बसलो.

गुत्तेदाराने मला काढलं नाही, पण पट्ट्यांची किल्ली मॅडमकडे गेली. खरं तर ती तिच्याकडेच हवी होती. रोज सकाळी ती फोटोतले नंबर मोठ्याने वाचायची आणि मी पाइप हलवायचो. तिने ती रीत मोबाइलच्या यादीतच घातली. पहिल्या ओळीत, परांची हलवून पाहिली का. त्या ओळीला तिने माझं नाव दिलं नाही, पण रीत माझीच होती.

अडीच महिन्यांनी तो कामावर आला. खांदा थोडा उतरलेला. त्याने आपला पट्टा घेतला, त्यावरचा नंबर बघितला, हूक दोनदा ओढून पाहिला. फोटो झाला. मी पाइप हलवून बाजूला उभा होतो, कान त्याच्याकडे.

तो पायथ्याशी आला. माझ्यासारखाच दोन्ही हातांनी पाइप धरला आणि तीनदा स्वतः हलवला. वर मान करून ऐकलं. मोबाइलकडे बघितलं नाही, मॅडमकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. मग चढला.

मॅडम माझ्या शेजारीच उभी होती; त्याने विचारलं नव्हतं ना तिला, ना मला. तिचा हेवा करावा असं आता तिच्याकडे काहीच नव्हतं.