पोराच्या मुठीचा दांडू

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. दिवाळीला आम्ही आष्ट्याहून सांगलीला थोरल्या दिरांकडं निघालो होतो. सगळ्यांची तयारी झाली, घोडं अडलं होतं ते माझं. पोरासाठी न्यायचं काय?

पोरगं माझंच. थोरल्या जावेला मूलबाळ नव्हतं, म्हणून पहिला दात यायच्या आधीच त्याला तिच्या ओटीत घातलं. आता सहा वर्षांचा झाला होता. जावेला आई म्हणायचा अन् मला काकी. त्याला काही कळू द्यायचं नाही, ही सासूची सक्त ताकीद.

मी म्हटलं, सदरा शिवते. कापड परमिटवर मिळायचं, तरी माझ्या चोळीचं मी राखून ठेवलं होतं. सासू कडाडली, "कापडं न्हाई न्यायची. तिला वाटंल, ही अजून आई म्हनून मिरवती."

"बरं, मग चांदीचा करदोडा?"

"लयच शानी हायस! करदोडा आईनं घालायचा असतो."

"आवं आत्याबाई, मग चुलतीनं द्यायचं तरी काय असतं?"

मालक मधेच म्हणाले, "चार लाडू ने की. खाईल आन् इसरल."

विसरलच तर! तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. लाडू काय, कुणीही पावणा आणतो.

शेवटी सुताराकडं गेले. म्हटलं, बाभळीची विटी अन् दांडू करून दे, चांगला घासून गुळगुळीत, पोराच्या हाताला लाकडाची कूस लागता कामा नये. त्यानं सहज विचारलं, "मूठ केवढी हाय पोराची?"

घ्या! पोटचं पोर, अन् त्याची मूठ केवढी ते मला ठाऊक नाही. मी त्या सुतारावरच उखडले, "सा वर्साच्या पोराची असती तेवढी, आनि केवढी?" त्या बिचाऱ्याचा काय गुन्हा होता? मग शेजारणीच्या पोराला दंडाला धरून आणलं आणि त्याच्या मुठीच्या मापानं दांडू करून घेतला. मालक हसायला लागले, "सांगलीला दांडकं घिऊन निघालीया!"

"हसा," म्हटलं, "लय हसा."

लढाईमुळं पेट्रोल मिळायचं नाही; कोळशावर चालणारी मोटार वाटेत बंद पडायची, सगळी उतरून ढकलायची, पुन्हा चढायची. दांडू मी कुणाच्या हाती दिला नाही.

सांगलीत घरात शिरलो तर पोरगं सोप्यातच उभं. बाई बाई, केवढं उंच झालेलं! बसायच्या आधीच मी दांडू पुढं केला. त्यानं धरला. मूठ नेमकी बसली, बोटं वळून अंगठ्याला टेकली.

"आई, घेऊ का?" त्यानं विचारलं.

"घे की रं," मी म्हणाले.

जाऊ माझ्या मागं पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. पोरानं कपाळाला आठ्या घातल्या अन् मला म्हणालं, "तुला नाही विचारलं, काकी."