लक्ष्मणचं नाव

मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा आमची तार कापली.

टँकरचं पाणी भरून झालं होतं. भाकरी थापायच्या राहिल्या होत्या. आमचे हे खोलीत रेडिओ पुसत बसलेले. तिथूनच ओरडले, "अगं, अँटेनाच्या तारेवर परकर नको टाकू! आवाज ढाक्याला जायचा, तुझ्या परकरातच अडकून राहील."

"मग दांडी बांधून द्या की. लग्नापासून ऐकून राहिले, आज बांधतो, उद्या बांधतो."

हे फौजेत सिग्नलला होते, एकाहत्तरच्या लढाईत. नंतर लायसन काढून हॅम झाले, म्हणजे घरच्या रेडिओवरून दूरदूरच्या माणसांशी बोलणारे.

दरवर्षी विजय दिवसाला हे जुने लोक रेडिओवर जमायचे. प्रत्येकानं आपल्या गेलेल्या जोडीदाराचं नाव घ्यायचं. बाकीच्यांनी फक्त म्हणायचं, "ऐकलं."

ह्यांचा जोडीदार लक्ष्मण. तुटलेली लाइन जोडायला गेला, परत आला नाही. मागे ना आई, ना बाप. त्याचं नाव घेणारा माणूस जगात एकच.

आणि तार कापली तो दिवस तोच होता.

तारेचं दुसरं टोक शेजारच्या सरांच्या भिंतीला. सरांचा क्लास लातूरभर गाजलेला. वर होस्टेलचा मजला चढवायचा होता. त्यांची माणसं पक्कड घेऊन आली.

"दुपारपर्यंत थांबा रे," हे म्हणाले. "एक नाव घ्यायचंय फक्त."

"काका, मोबाइलवरून घ्या की!"

हसले. कापली.

भूकंपात फोन मुके झाले होते. सरांचे वडील किल्लारीत जिवंत आहेत, ही खबर याच तारेवर आली. तिथं गेलेल्या हॅमनं ह्यांना कळवली. सर तेव्हा आमच्या उंबऱ्यावर बसून रडले होते.

हे दिवे लागेपर्यंत कानाला हेडफोन लावून बसले. तार नाही, ऐकू काय येणार?

जेवायला उठवलं तर म्हणाले, "लक्ष्मण आज मेला गं."

महिन्याभरात हेही गेले.

आज वर्ष झालं.

मागच्या महिन्यात परत विजय दिवस आला. यंदा कार्यक्रम सरांच्या क्लासच्या हॉलमध्ये. बॅनर, गच्चीवर नवी कोरी अँटेना. ह्यांच्या फोटोला हार.

सर माइकवर म्हणाले, "काका म्हणजे आमच्या गल्लीची शान!"

टाळ्या.

मी उभी राहिले. "लक्ष्मणचं नाव कोण घेणार?"

हॅम क्लबचे अध्यक्ष जवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, आज पाहुणे लई हायेत, वेळ न्हाई. आन् तुम्हाला रेडिओवर बोलता येत न्हाई, लायसन लागतं."

"पुढच्या वर्षी बघू, काकू," सर म्हणाले.

तुम्ही नका बघू, सर.

लक्ष्मणचं नाव इथं लिहून भागत नाही. ते रेडिओवर घ्यायचं असतं, आणि पलीकडून कुणीतरी "ऐकलं" म्हणायचं असतं. आता तर नावं दोन झाली.

अहो, तुम्हाला आणि तुमच्या लक्ष्मणला माझा नमस्कार.

शाळा माझी चौथीपर्यंत. बाकी सगळं घरातच वाचून शिकले.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी ह्यांची लायसनच्या परीक्षेची पुस्तकं माळ्यावरून काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले.