मानपत्र मी वाचलं

वर्धा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. माझ्या एका वर्गमित्राला रेडिओवरच्या हॉकी समालोचनासाठी दिल्लीत पदक मिळालं आणि आमच्या शाळेला एकाएकी त्याची आठवण झाली. मी तेव्हा वर्ध्याच्या त्याच शाळेत मराठी शिकवत होतो. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "सत्काराचं मानपत्र तुम्ही लिहा. त्यांचा आवाज या शाळेनं घडवला, हे ठळक येऊ द्या."

मला किळस आली. त्या आवाजाचं शाळेनं काय केलं, ते मी पाहिलं होतं. नववीत तो हुतुतूच्या मैदानाकाठी पत्र्याचं नरसाळं तोंडाला लावून सामन्याचं वर्णन करायचा. एकदा मोठे पाहुणे आले होते. यानं गडी बाद झाल्याचं सांगता सांगता खुर्चीत पेंगणाऱ्या पाहुण्यांचंही वर्णन केलं. हेच मुख्याध्यापक तेव्हा साधे मास्तर होते. त्यांनी त्याला साऱ्या शाळेपुढे छडीनं फोडून काढलं आणि नरसाळं गळ्यात बांधून उन्हात उभं केलं. धावत जाऊन छडी आणून देणारा मॉनिटर मी होतो. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. नागपूरला मामाकडे निघून गेला.

तरी मी मानपत्र लिहिलं. नोकरी नवी होती, लग्न ठरलं होतं.

सत्काराला मुख्याध्यापक पाऊण तास बोलले. "हा हिरा मी तेव्हाच ओळखला होता," म्हणून त्यांनी उपरण्यानं डोळेही पुसले. मग मी मानपत्र वाचलं. टाळ्या झाल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "आता थोडं समालोचन होऊन जाऊ द्या!"

तो माइकपुढे उभा राहिला आणि त्यानं त्या दिवसाचंच समालोचन सुरू केलं. "मास्तर उजवीकडून पुढे सरकताहेत... मॉनिटर छडी घेऊन धावत आला, अचूक पास... आणि हा पहिला फटका!"

मंडप हसून लोटपोट झाला. मुख्याध्यापक मांडीवर थाप मारत म्हणाले, "वा! अगदी हुबेहूब!" तो एकेक फटका सांगत अकरापर्यंत गेला. आवाज एकदाही चढला नाही. लोक हसतच होते. पहिल्या रांगेत हसणाऱ्या बड्या मंडळींकडे पाहून मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

संध्याकाळच्या गाडीला त्याला सोडायला मीच गेलो. फलाटावर तो म्हणाला, "मानपत्र तूच लिहिलं ना?"

"हो. लिहा लागलं."

"अन् हासून काऊन राह्यला होता?"

"मले माफ कर," एवढंच म्हणालो.

"मास्तरचं मले काही नाई. त्याले काही आठवतच नाई. तुले तर सारं आठवते."

गाडी आली. चौकटीतलं मानपत्र त्यानं माझ्या हातात दिलं. "हे तूच ठेवजो," म्हणाला आणि डब्यात चढला. नंतर मी त्याला तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही.

दोन वर्षांनी मुख्याध्यापक निवृत्त झाले. त्यांचंही मानपत्र मीच लिहावं, असं ठरलं. मी नाही म्हणालो. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा छडीचं नाव काढायची हिंमत झाली नाही. "प्रकृती बरी नाही," असं सांगून मी घरी आलो.