कातकाडे सरांनी कापलेला 'एम'

प्रा. यशवंतराव कातकाडे सरांशी माझी ओळख माझ्या घोडचुकीमुळे झाली, हे या गौरवग्रंथात आधीच कबूल केलेले बरे.

तेव्हा मी नाशिकजवळ अंबडच्या एका छापखान्यात लेबले जुळवत असे. निफाडकडचे बागाईतदार अण्णासाहेब यांची द्राक्षे इटलीला निघाली होती. पेटीवर 'नाशकात पिकलेली' हे लॅटिनमध्ये हवे, असा त्यांचा हट्ट. मी कॉम्प्युटरला विचारून 'नाशकात'साठी रोमन लिपीत 'नासिकाम' छापले. सगळी लेबले तयार झाल्यावर अण्णासाहेबांना शंका आली आणि त्यांनी मला सरांच्या घरी नेले. सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. लॅटिन हौसेने शिकलेले.

सरांनी लेबल डोळ्यांजवळ धरले. "द्राक्षं अजून नाशकाला पोचायचीत का?"

"नाय सर, हितंच हायेत," अण्णासाहेब म्हणाले.

"मग यावर 'नाशिककडे' असं का लिहिलंय?"

लॅटिनमध्ये गावाच्या नावापुढे वेगळा 'मध्ये' लागत नाही, आपल्या 'घरी'सारखे शब्दाच्या शेपटीवरच, म्हणजे प्रत्ययावरच भागते, असे सरांनी समजावले. 'नासिकाए' म्हणजे नाशकात, 'नासिकाम' म्हणजे नाशिककडे. अण्णासाहेब माझ्याकडे बघू लागले. "सकाळी कंटेनर भरायचाय, सर!" माझी नोकरी गेल्यात जमा होती.

सरांनी लेबलाच्या कडेवर बोट ठेवले. "शेवटचा एम कापा. 'नासिका' उरेल. म्हणजे 'नाशिकहून'. फक्त शेवटचा आ लांबवून वाचायचा."

एम नेमका कडेलाच होता. सर स्वतः रिक्षाने छापखान्यात आले आणि कटिंग मशीनशेजारी शेवटचा गठ्ठा होईपर्यंत उभे राहिले. मालकांनी विचारले, "हे काय चाललंय?" सर गंभीरपणे म्हणाले, "विभक्ती बदलतोय." मालकांना ते छपाईतले नवे तंत्र वाटले, त्यांनी सरांसाठी चहा मागवला. माझी चूक सरांच्या तोंडून कधीच बाहेर पडली नाही.

मी त्यांच्या रविवारच्या लॅटिनच्या वर्गाला जाऊ लागलो तो असा. सरांचा प्रेमळपणा मोठा, पण व्याकरणाबाहेर आणि पुराव्याबाहेर जात नाही. नाशिकजवळचे ओझर रोमनांनीच वसवले, असे लिहून मागणाऱ्या एका गृहस्थांचे त्यांनी तासभर ऐकून घेतले. "पोहे आणखी घ्या," ते म्हणाले, "पण लिहून मिळणार नाही."

सर आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. रोमन गावांच्या नावांचा कोश ते एकटे, हाताने लिहीत आहेत. एवढ्या वर्षांत ते 'सी' या अक्षरापर्यंत पोचले आहेत. 'झेड'पर्यंत किती वर्षे लागतील, ते आम्ही मोजलेले नाही. सरांनीही मोजू नये. त्यांनी ठणठणीत राहावे आणि एकही गाव गाळू नये.