अप्पांचे झिंगे

झिंगे दोन होते. पुण्याच्या दुकानदाराने ते थर्माकोलच्या डब्यात, पाणी आणि हवा भरलेल्या दोन पिशव्यांमधून पाठवले होते. मी एका पेपरचा वार्ताहर. सोलापुरात कामाला गेलो तेव्हा डबा ताब्यात घेतला आणि तुळजापूरच्या बसमध्ये मांडीवर ठेवून आणला. शेजारच्या बाईंनी विचारलं, देवीला काय नेताय? जिवंत झिंगे आहेत म्हटल्यावर त्या ओटी सावरून दोन सीट पुढे जाऊन बसल्या.

खाऱ्या पाण्याची टाकी घरात आधीपासून होती. गावातल्या एका लॉजने ती भाविकांच्या मुलांसाठी काउंटरजवळ ठेवली होती. निगा जमेना म्हणून मालकांनी ती काढली आणि खडक, दोन केशरी मासे यांच्यासह आम्हाला दिली. टाकी साधारण शंभर लिटरची. समुद्र इथून दिवसभराच्या वाटेवर, त्यामुळे शुद्ध पाण्यात समुद्री मीठ विरघळवून खारं पाणी घरीच करावं लागतं.

त्या उन्हाळ्याआधी सासरे आमच्याकडे राहायला आले. उमरग्याच्या बाजूला, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या गावात त्यांचं किराणा दुकान होतं. सासूबाई गेल्या, दुकान बंद झालं. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. पहिले दोन महिने ते फारसे बोलले नाहीत. सकाळी लिंगपूजा, मग खुर्ची, जेवायला हाक मारली की अर्धी भाकरी. उरलेली अर्धी पत्नी उचलून ठेवायची.

डबा उघडला तेव्हा अप्पा आपणहून उठून आले.

"हे खायला आणलं का?"

"नाही अप्पा, पाळायला."

"न्हाय, विचारलेलं बरं. पेपरवाले काय खात असतील, ठाव न्हाय."

"लग्नाला वीस वर्षं झाली," पत्नी म्हणाली. "आत्ता चौकशी करताय जावयाची?"

झिंग्यांचं अंग तांबडं, पाठीवरून शेपटीपर्यंत पांढरा पट्टा. अप्पांनी चष्मा पुढे घेऊन पाहिलं. "विभूती लावलीय की! आपल्यातलेच हायेत. मंग कसं खायचं?"

नव्या झिंग्यांना सरळ टाकीत सोडत नाहीत. पाण्याचा खारेपणा थोडा बदलला तरी त्यांना सोसत नाही. त्यांना पिशवीतल्या पाण्यासह एका भांड्यात घेतात आणि टाकीतलं पाणी बारीक नळीतून त्यात थेंब थेंब सोडतात. नळीला गाठ मारून वेग ठरवायचा. अप्पा म्हणाले, "सलाईन." सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांत ते दवाखान्यात बाटलीकडे पाहत बसलेले असत. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि दोन तास थेंब पाहिले. एकदा थेंब अडकला तेव्हा मला मोठ्याने हाक मारली. एवढा मोठा आवाज त्यांनी या घरात आधी काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काम मागून घेतलं. टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी रोज गोडं पाणी घालावं लागतं. एप्रिलमध्ये ते रोज दीड-दोन लिटर होतं. बोअरचं पाणी चालत नाही, त्यासाठी फिल्टरचा जार आणलेला होता. मी काचेवर पेनने रेघ मारून दिली. पाणी तिथपर्यंत आणायचं काम अप्पांचं. मी बाहेर पडल्यावर ते पाणी घालत आणि संध्याकाळी झिंग्यांची हकिकत सांगत. मोठ्याला ते थोरला म्हणत, दुसऱ्याला धाकटा. "धाकट्यानं आज माशाचा घास पळवला. लई लबाड." जेवताना दुसरी भाकरी मागू लागले.

बाराव्या दिवशी सकाळी धाकटा आडवा पडलेला दिसला. पाय थरथरत होते. दुपारी तो मेला. थोरला खडकामागे गेला आणि खायला बाहेर येईना. मासे मात्र ठणठणीत. मी दुकानदाराला फोन लावला.

"मासे बरे आणि झिंगे आजारी, म्हणजे तांबं," तो म्हणाला. "माशांच्या रोगावरचं तांब्याचं औषध घातलंत का?"

"नाही."

"मग पाणी कशातून येतं ते बघा. माशांना सोसतं तेवढं तांबंसुद्धा झिंग्यांना मारतं."

स्वयंपाकघरात तांब्याचा हंडा होता. अप्पांनी तो गावाहून आणला होता. रोज संध्याकाळी चिंचेने घासून लख्ख करत आणि जारचं पाणी त्यात भरून ठेवत. घरातले आम्ही सगळे तेच पीत होतो. पत्नीला विचारलं.

"टाकीतही तेच घालतात," ती म्हणाली. "जारमधलं पाणी मेलेलं असतं म्हणतात. रात्रभर तांब्यात राहिलं की त्यात जीव येतो."

मी टाकीतलं निम्मं पाणी बदललं, टाकीच्या फिल्टरमध्ये तांबं शोषून घेणारा नवा कोळसा घातला. अप्पांना काय सांगायचं ते ठरत नव्हतं. प्रवासाने मेला, असं सांगून भागलं असतं. पत्नी म्हणाली, "खरं सांगा. न सांगता काम काढून घेतलंत, तर ते जास्त लागेल."

मी सांगितलं.

"म्हंजी म्या मारलं."

"तांब्याने मारलं, अप्पा."

"हंड्याला हात हाय का?"

त्यांनी खुर्ची उचलून ओसरीवर नेली. पुढचे चार दिवस ते टाकीच्या खोलीत आले नाहीत. ताटात पुन्हा अर्धी भाकरी उरू लागली. पाणी मी घालत होतो, रोज थोडं बदलत होतो. थोरला दिसत नव्हता.

पाचव्या दिवशी खडकाजवळ तांबडी पाठ, पांढरा पट्टा, सगळे पाय असा आख्खा झिंगा निपचित पडलेला दिसला. चिमट्याने उचलला तर वजनच नव्हतं. बशीत घेऊन ओसरीवर गेलो.

अप्पांनी एकदा पाहून तोंड फिरवलं. "ह्यो बी गेला."

"गेला नाही. कात टाकलीय. हातात घेऊन बघा."

त्यांनी ती बोटावर घेतली, उजेडाला धरली. आरपार दिसत होतं. किराणा दुकानात डाळीतला खडा शोधत तसे ते बराच वेळ पाहत राहिले.

"मंग आतला कुठंय?"

"लपलाय. नवं अंग मऊ असतं. ते घट्ट होईपर्यंत बाहेर येत नाही. फार आजारी असता तर कात टाकणं जमलं नसतं."

"जगंल?"

"सांगता येत नाही. आजच्यापुरतं बरं दिसतंय."

अप्पांनी कात बशीत ठेवली. विचारलं, "पाणी घातलंत का आज?"

"नाही अजून."

ते उठले. हात दोनदा धुतले. जारमधून मगात पाणी घेतलं आणि तो मग माझ्यापुढे धरला. "स्टील हाय. चालतं न्हवं?"

"चालतं."

टाकीपाशी येऊन ते वाकले. खडकामागे काही दिसत नव्हतं. ओतायला सुरुवात केली आणि थांबले.

"त्याला ऐकू येतं का वो?"

"माहीत नाही."

अप्पांनी मगाची कड आतून काचेला टेकवली आणि पाणी काचेवरून ओघळू दिलं, आवाज न होता.